स्पीकर ते पंतप्रधान: सामोआच्या लाआउलींबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात पॅसिफिकमधल्या निवडणुकांवर लिहिताना एक ओळ सहज टाकली होती, की सामोआचे नवे पंतप्रधान आधी तिथल्या संसदेचे स्पीकर होते. त्या एका ओळीवर इतके प्रश्न येतील असं वाटलं नव्हतं, पण आले आणि चांगले आले, म्हणून यावेळचं सगळं सदर त्यावरच.

प्रश्न: सर, या माणसाचं नाव प्रत्येक ठिकाणी वेगळं दिसतं. कुठे लाआउली, कुठे पोलाताइवाओ, कुठे श्मिट. हे सगळे एकच का? आणि हा अमेरिकन सामोआच ना?

एकच. पूर्ण नाव लाआउली लेउआतेआ पोलाताइवाओ फोसी श्मिट. गोंधळ होतो कारण सामोआत नावाच्या सुरुवातीला पदवी येते, आणि ती पदवी म्हणजे मताई, कुटुंबाच्या प्रमुखाची. विस्तारित कुटुंब एकत्र बसून ठरवतं की ही पदवी कोणाला द्यायची, मग गावासमोर विधी होतो, आणि त्या दिवसापासून लोक त्या माणसाला त्या पदवीनेच हाक मारतात. नवीन पदवी मिळाली की ती नावात जोडली जाते, म्हणून जुन्या बातमीत एक नाव आणि नव्या बातमीत दुसरं. लाआउली ही अशीच पदवी, आणि सध्या सगळे त्यांना त्याच नावाने ओळखतात. शेवटचं श्मिट हे आडनाव जर्मन, कारण १९०० ते १९१४ सामोआ जर्मनीच्या ताब्यात होता आणि जर्मन आडनावाची सामोअन घरं आजही तिथे बरीच आहेत.

आणि नाही, अमेरिकन सामोआ वेगळा, तो अमेरिकेच्या ताब्यातला प्रदेश. आपण बोलतोय ते स्वतंत्र सामोआबद्दल, जो १ जानेवारी १९६२ ला न्यूझीलंडपासून स्वतंत्र झाला आणि १९९७ पर्यंत वेस्टर्न सामोआ म्हणवून घ्यायचा. लोकसंख्या साधारण २ लाख, मुख्य बेटं दोन, उपोलू आणि सवाइई. राजधानी आपिया उपोलूवर, आणि लाआउलींचा मतदारसंघ गंगाइफोमाउंगा नंबर ३ हा सवाइईवर. (त्यांच्या स्पेलिंगमध्ये जी असला तरी उच्चार ंग असा होतो, म्हणून मी तसं लिहिलंय.) २००६ मध्ये ते इथूनच पहिल्यांदा निवडून आले, तेव्हाच्या सत्ताधारी ह्यूमन राइट्स प्रोटेक्शन पार्टीकडून, म्हणजे एचआरपीपी.

प्रश्न: तिथे स्पीकर म्हणजे नक्की कोण? नुसता शांत रहा शांत रहा म्हणणारा, की काही खरी पॉवर असते?

पॉवर असते, आणि ती किती असते हे खाली २०२१ च्या उत्तरात दिसेलच. संसदेला तिथे फोनो म्हणतात, इमारत आपियाजवळच्या मुलिनूऊ नावाच्या चिंचोळ्या भूशिरावर. स्पीकर आमदारांमधूनच निवडला जातो, निवडणुकीनंतर फोनो पहिल्यांदा बसली की. कोण कधी बोलणार, कुठला प्रस्ताव नियमात बसतो, कुठल्या आमदाराची सीट रिकामी झाली हे सगळं त्याच्या हातून जातं.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्या पदाचं सामोअन नाव, फोफोंगा फेतालाई. सामोअनमध्ये रोजची भाषा वेगळी आणि आदराची भाषा वेगळी असते, म्हणजे नुसतं तू आणि आपण एवढाच फरक नाही, तर डोळा, तोंड, जेवण, येणं-जाणं या साध्या गोष्टींनाही मोठ्या माणसांसाठी वेगळे शब्द. फोफोंगा हा तोंडासाठीचा किंवा चेहऱ्यासाठीचा आदराचा शब्द, आणि फेतालाई म्हणजे वक्त्याचं बोलणं. गावच्या सभेत बोलायचं काम असणारा जो मताई असतो, तुलाफाले, हातात काठी आणि खांद्यावर काथ्याची चवरी घेऊन उभा राहणारा, त्याच्या बोलण्यासाठी हा शब्द वापरतात. म्हणजे स्पीकर हा नुसता अध्यक्ष नाही, तो सभागृहाचं बोलणारं तोंड. इतकं नेमकं नाव मी दुसऱ्या कुठल्या संसदेत पाहिलेलं नाही.

प्रश्न: लाआउली स्पीकर असताना त्यांनी नाव घेण्यासारखं काय केलं? विकिपीडियावर फक्त २०११ ते २०१६ एवढंच कळतं.

स्पीकर कायदे मांडत नाही, सरकार मांडतं, त्यामुळे हे त्यांनी केलं असं म्हणणं बरोबर नाही. पण त्यांच्या खुर्चीसमोर त्या पाच वर्षांत दोन गोष्टी पास झाल्या ज्या सांगायलाच हव्यात.

पहिली तारखेची. सामोआ तेव्हा आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या अमेरिकेच्या बाजूला होता, आणि व्यापार सगळा न्यूझीलंड ऑस्ट्रेलियाशी. सामोआत शुक्रवार असला की ऑकलंडमध्ये शनिवार, सगळी ऑफिसं बंद, आणि सामोआचे लोक रविवारी चर्चमध्ये तेव्हा सिडनीत सोमवारचं काम सुरू, म्हणजे आठवड्यातले दोन दिवस असेच वाया. २०११ मध्ये फोनोने कायदा केला आणि देशाने रेषेची बाजू बदलली. २९ डिसेंबर २०११ च्या गुरुवारी रात्री लोक झोपले आणि उठले ते शनिवारी, ३१ तारखेला. ३० डिसेंबर २०११ हा दिवस सामोआत उजाडलाच नाही. गंमत म्हणजे १८९२ मध्ये अमेरिकेशी व्यापारासाठी त्यांनी उलटं केलेलं, ४ जुलै दोनदा मोजलेला.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि ती नीट लक्षात ठेवा कारण आठ वर्षांनी हीच लाआउलींच्या पक्षाच्या गळ्याशी आली. २०१३ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती झाली, कलम ४४ मध्ये, की फोनोमध्ये किमान १०% स्त्रिया असल्याच पाहिजेत. कमी निवडून आल्या तर हरलेल्या स्त्री उमेदवारांपैकी ज्यांना जास्त मतं पडली त्यांना जादा सीट देऊन घ्यायचं. तेव्हा सीट ४९, त्याचे १०% म्हणजे ४.९, म्हणून कलमातच लिहून टाकलं की सध्या हा आकडा पाच. चांगल्या हेतूने केलेली तरतूद होती, आणि २०१६ मध्ये चार स्त्रिया निवडून आल्यावर पाचवी याच कलमाने आत आली. पण १०% पण लिहायचं आणि पाच पण लिहायचं, या दोन्हीत उद्या फरक पडला तर काय, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलेलं दिसत नाही.

प्रश्न: मग ज्या पक्षाने स्पीकर केलं, मंत्री केलं, तो पक्ष सोडला कशाला? तिकीट नाकारलं का?

नाही, तिकिटाचा विषय नव्हता. २०१६ च्या निवडणुकीनंतर ते शेती आणि मच्छीमारी खात्याचे मंत्री झाले, २०१९ मध्ये मंत्रिपद सुटलं, आणि २०२० मध्ये जमिनीचा विषय आला.

सामोआत जवळजवळ ८०% जमीन ही कोणा एकाच्या नावावर नसते, ती कुटुंबाच्या पदवीशी जोडलेली असते. ती विकता येत नाही. पदवी कोणाची आणि जमीन कोणाची हे भांडण सोडवायला वेगळं लँड अँड टायटल्स कोर्ट आहे. २०२० मध्ये पंतप्रधान तुइलाएपा साइलेले मालिएलेंगाओई यांच्या सरकारने तीन विधेयकं आणली, त्यातून हे कोर्ट सुप्रीम कोर्टापासून तोडून स्वतंत्र करायचं होतं. सरकारचं म्हणणं की आमच्या रीतिरिवाजांना मान मिळेल. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं की त्या कोर्टात तुमच्या मूलभूत हक्कावर गदा आली तर सुप्रीम कोर्टात दाद मागायची वाटच बंद होईल, आणि असं म्हणणाऱ्यांमध्ये देशातले वकील होते, न्यायाधीशही होते. मला विरोधकांचं म्हणणं पटतं. रिवाज जपायचा म्हणून माणसाची दाद मागायची जागा काढून घेणं हे कुठेही चूकच.

लाआउलींनी उघड विरोध केला आणि एचआरपीपीच्या बाहेर पडले. नवा पक्ष काढला, फास्ट. पूर्ण सामोअन नावाचा अर्थ देवावर श्रद्धा ठेवा, सामोआ एक आहे असा काहीसा. पण निवडून आले एका पक्षाकडून आणि आता दुसरा पक्ष, म्हणून त्यांची सीट गेली. जे पाच वर्षं स्पीकरच्या खुर्चीत बसून इतरांना नियम सांगत होते त्यांनाच आता नियमाने सभागृहाबाहेर जावं लागलं, मग २०२० च्या शेवटी पोटनिवडणूक झाली आणि गंगाइफोमाउंगाच्या लोकांनी त्यांना परत पाठवलं. याच विषयावरून सप्टेंबर २०२० मध्ये उपपंतप्रधान फियामे नाओमी मताआफा यांनीही राजीनामा दिला, पुढच्या वर्षी त्या फास्टमध्ये आल्या आणि मार्च २०२१ मध्ये पक्षाच्या नेत्या झाल्या, लाआउली पक्षाचे चेअरमन राहिले. स्वतः काढलेल्या पक्षाचं नेतृत्व निवडणुकीच्या महिनाभर आधी दुसऱ्याच्या हातात देणं सोपं नसतं, ते त्यांनी केलं आणि त्याचा फायदा झाला. विधेयकं मात्र डिसेंबर २०२० मध्ये पास झालीच.

प्रश्न: २०२१ मध्ये तंबूत सरकार स्थापन झालं असं वाचलं. खरंच तंबू? जरा सविस्तर सांगाल का?

खरंच तंबू, आणि सविस्तरच सांगतो.

९ एप्रिल २०२१ ला मतदान. सीट आता ५१. निकाल काय तर एचआरपीपी २५, फास्ट २५, अपक्ष १. एचआरपीपी १९८२ पासून जवळपास सलग सत्तेत, तुइलाएपा १९९८ पासून पंतप्रधान, आणि वर्षभराचंही वय नसलेल्या पक्षाने त्यांना बरोबरीत आणून ठेवलं. अपक्ष कोणाकडे जाणार याकडे सगळा देश डोळे लावून बसला.

आणि इथे ते २०१३ चं कलम उभं राहिलं. स्त्रिया निवडून आल्या होत्या पाच. ५१ पैकी पाच म्हणजे ९.८%. कलमात १०% पण आणि पाच पण. निवडणूक आयुक्तांनी १०% धरलं आणि सहावी स्त्री सदस्य जाहीर केली, ती एचआरपीपीची. एचआरपीपी २६. मग अपक्ष फास्टकडे गेला, फास्ट पण २६. परत बरोबरी! राष्ट्रप्रमुखांनी सांगितलं नव्याने निवडणूक घ्या, २१ मे ला. १७ मे ला सुप्रीम कोर्टाने दोन्ही गोष्टी रद्द केल्या, सहावी सीट पण आणि नवी निवडणूक पण. आता फास्ट २६, एचआरपीपी २५.

पुढची शर्यत घड्याळाशी. घटनेत लिहिलंय की निवडणुकीनंतर ४५ दिवसांत फोनो बसलीच पाहिजे. ९ एप्रिलपासून ४५ दिवस म्हणजे सोमवार, २४ मे. राष्ट्रप्रमुखांनी २४ तारखेची बैठक बोलावली, मग शनिवारी रात्री ती मागे घेतली. रविवारी, जिथे रविवारी दुकानं बंद असतात आणि सगळे चर्चमध्ये असतात त्या देशात, सुप्रीम कोर्ट बसलं आणि म्हणालं मागे घेता येणार नाही. तरी जुने स्पीकर लेआउपेपे तोलेआफोआ फाआफिसी म्हणाले की मी राष्ट्रप्रमुखांचंच ऐकणार, आणि संसदेला कुलूप.

सोमवारी सकाळी सरन्यायाधीश सतिउ सिमातिवा पेरेसे आणि बाकीचे न्यायाधीश डोक्यावर विग, अंगावर लाल झगे अशा पूर्ण पोशाखात चालत संसदेपर्यंत आले, दार बंद आहे हे स्वतः पाहिलं आणि परत गेले. काही बोलले नाहीत. फियामे आल्या, बंद दारासमोर उभ्या राहिल्या, त्यांनाही आत जाता आलं नाही. फास्टचे लोक हिरवळीवर बसून भजनं म्हणत होते, म्हणजे चर्चची गाणी, दिवसभर. संध्याकाळी तिथेच पांढऱ्या मांडवात खुर्च्या मांडल्या, आमदारांनी शपथ घेतली, पापालिई लिओ मासिपाऊ यांना स्पीकर निवडलं आणि फियामेंना पंतप्रधान म्हणून शपथ दिली, देशाच्या पहिल्या स्त्री पंतप्रधान. दोन महिने दोन सरकारं असल्यासारखा प्रकार चालला, आणि २३ जुलैला अपील कोर्टाने सांगितलं की मांडवातली शपथ वैध, सरकार २४ मे पासूनच त्यांचं.

लाआउली त्या मांडवात होते. माजी स्पीकर, आणि ज्या सभागृहात पाच वर्षं ते सगळ्यात उंच खुर्चीवर बसले त्याच्या कुलपाकडे बघत बाहेर बसलेले.

पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. सप्टेंबरमध्ये फोनो खरोखर इमारतीत बसली तेव्हा नव्या स्पीकरांनी एचआरपीपीच्या आमदारांना आत येऊ दिलं नाही, कारण ते सरकारला मानत नव्हते. कोर्टाने सांगितल्यावर मग त्यांची शपथ झाली. मे मध्ये दार लावलं ते चूक तर सप्टेंबरमध्ये लावलं तेही चूकच, माझ्या मते यात आपला आणि त्यांचा असं काही नाही, लोकांनी निवडून दिलेल्या माणसाला दाराबाहेर ठेवायचा अधिकार स्पीकरला नसतो.

प्रश्न: मग फियामे आणि लाआउली एकाच पक्षात होते ना? आता ते पंतप्रधान आणि त्या विरोधात कशा?

२०२१ मध्ये लाआउली परत शेतीमंत्री झाले आणि साडेतीन वर्षं गाडी चालली. जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांनी त्यांच्यावर आरोप दाखल केले, फियामेंनी पद सोडायला सांगितलं, त्यांनी नकार दिला, आणि १० जानेवारीला फियामेंनी त्यांना मंत्रिमंडळातून काढलं. पंतप्रधान म्हणून त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, आरोप असलेल्या मंत्र्याने बाजूला होणं ही रीतच आहे, आणि आरोप म्हणजे शिक्षा नव्हे हेही तितकंच खरं. पण पक्ष लाआउलींचा होता. पाचेक दिवसांत फास्टने फियामेंनाच पक्षातून काढून टाकलं! आता पंतप्रधान फियामे, पण त्यांच्यामागे फोनोचा छोटासाच गट.

२५ फेब्रुवारीला तुइलाएपांनी अविश्वास ठराव आणला, तो ३४ विरुद्ध १५ ने पडला. ६ मार्चला दुसरा, यावेळी लाआउलींच्या गटाचा, तोही ३२ विरुद्ध १९ ने पडला. गंमत बघा, दोघांनाही सरकार पाडायचंय पण दोघंही एकमेकांच्या ठरावाला मत देत नव्हते, आणि त्या फटीत फियामे टिकल्या. २७ मे ला बजेट आलं तेव्हा मात्र दोघं एकत्र आले, ३४ विरुद्ध १६, बजेट पडलं. बजेट पडलं की सरकार चालवायला पैसाच नाही, फियामेंनी फोनो विसर्जित करायला सांगितलं. २९ ऑगस्टला निवडणूक, फास्टला ५१ पैकी ३०, एचआरपीपीला १४, फियामेंच्या नव्या पक्षाला ३. सप्टेंबर २०२५ मध्ये लाआउलींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली, यावेळी इमारतीच्या आत.

प्रश्न: स्पीकर राहिलेला माणूस पंतप्रधान झाला तर संसदेला जास्त मान देईल असं तुम्हाला वाटतं का?

वाटावं अशी इच्छा आहे. हा माणूस त्या खुर्चीच्या सगळ्या बाजूंना बसलेला आहे. खुर्चीत बसला, नियमाने बाहेर गेला, बंद दाराबाहेर थांबला, आणि मग स्वतःच्या पक्षाच्या स्पीकरने दुसऱ्यांना बाहेर ठेवलेलंही त्याने पाहिलं. आता त्याच्यामागे ५१ पैकी ३० आहेत आणि एवढं बहुमत असलं की स्पीकर पण आपला, वेळापत्रक पण आपलं. म्हणून मी यापुढे एकच गोष्ट बघणार आहे, की विरोधात बसलेल्या एचआरपीपीच्या १४ जणांना आणि फियामेंच्या पक्षाच्या तिघांना बोलायला किती वेळ मिळतो.

प्रश्न: छोटा प्रश्न. फियामेंचे वडील पण पंतप्रधान होते म्हणे आणि त्यांचं नाव पण फियामे? बाप-लेकीचं नाव एकच कसं?

कारण ते नाव नाही, ती पदवी आहे, पहिल्या उत्तरात सांगितली ती. वडील फियामे मताआफा फाउमुइना मुलिनूऊ दुसरे, स्वतंत्र सामोआचे पहिले पंतप्रधान. त्यांच्यानंतर ती पदवी मुलीकडे आली. मताई पदवी स्त्रीला मिळू शकते, फक्त मिळते कमी जणींना, आणि फोनोची निवडणूक लढवायला मताई असावंच लागतं, म्हणून तिथे स्त्री उमेदवार मुळातच कमी असतात. मतदान मात्र मताई नसलेल्यांनाही करता येतं, २१ वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही, पण तेही १९९० च्या सार्वमतानंतर आणि १९९१ च्या निवडणुकीपासून. त्याआधी जवळजवळ सगळं मतदान मताईच करायचे.